कोपऱ्यातली कुर्ली : ३८ कॅसेटी आणि त्यांच्या हरवलेल्या तारखा

४ जानेवारी २०२५, मालवण

काकांच्या माळ्यावरची ट्रंक आज खाली उतरवली. आत ३८ व्हीएचएस कॅसेटी. काका केबलचा धंदा करायचे, १९९६ पासून दहाएक वर्षं. ताई शाळेत असताना चालणारी कार्टूनं तिच्यासाठी रेकॉर्ड करून ठेवायची आणि संध्याकाळी लाईट असेल तर लावायची, हा त्यांचा नियम. शिवाय मे महिन्यात आपल्या केबलवर रोज अर्धा तास ते ‘बालगोपाळ’ लावत. गावातली पोरं, त्यांच्या कविता, वाढदिवसांचे फोटो.

२०२१ च्या मे महिन्यात तौक्ते वादळात कौलं उडाली तेव्हा ट्रंकेत पाणी गेलं होतं. तेव्हा उघडून बघायला कुणाला सुचलं नाही. आता लेबलांवरची शाई फुटून निळे डाग झालेत. वाचता येतं ते एवढंच : ‘कार्टून’, ‘कार्टून २’, ‘पोरांचा’, आणि एकीवर लाल पेनने ‘पुसू नये’. तारीख एकीवरही नाही.

ठरवलंय ते असं. सगळ्या डिजिटल करायच्या, प्रत्येकीला निदान वर्ष लावायचं आणि ‘बालगोपाळ’चे तुकडे मे महिन्यात वाचनालयात दाखवायचे. आपल्याकडे हे काम पावसाच्या आतच करावं लागतं. जूनमध्ये कपाटातल्या चपलांना बुरशी येते, तिथे कॅसेटींचं काय घेऊन बसलात.

७ जानेवारी

कोल्हापूरहून जुना व्हीसीआर आणला, ४,५०० रुपये. उत्साहाच्या भरात हाताला लागली ती पहिली कॅसेट घातली. दोन मिनिटं चित्र छान आलं, मग अर्ध्या पडद्यावर मुंग्या, मग सगळ्याच पडद्यावर.

कॅसेटच्या खिडकीतून टॉर्च मारून बघायला हवं होतं. गुंडाळीच्या कडेला पिठासारखा पांढरा थर दिसला तर ती बुरशी. ती हेडवर, म्हणजे व्हीसीआरच्या टेप वाचणाऱ्या टोकावर, बसते आणि पुढच्या प्रत्येक कॅसेटीला लागते. मग ३८ च्या ३८ टॉर्चखाली पाहिल्या : १९ ना बुरशी, ५ ची टेप एकमेकीला चिकटून ठोकळा झालेली. त्या पाच बाजूला ठेवल्या.

८ जानेवारी

हेड साफ करताना मोडलं. कान साफ करायची कापसाची काडी वापरली. कापसाचा तंतू हेडच्या टोकात अडकला, मी ओढला, टोक गेलं. योग्य रीत ही : झेरॉक्सच्या कोऱ्या कागदाची पट्टी आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये भिजवायची, ड्रमला (हेड ज्याच्यावर बसवलेलं असतं तो फिरणारा गोल) नुसती टेकवून स्थिर धरायची आणि ड्रम हाताने सावकाश फिरवायचा. पट्टी वर-खाली अजिबात घासायची नाही. ही रीत मी चुकल्यानंतर वाचली.

१७ जानेवारी

नऊ दिवस फुकट. कुडाळच्या एका नातेवाइकांकडे व्हीसीआर पडून होता, ३,००० ला मिळाला. मोडका मी टाकला नाही, त्याला आता धोबी केलाय. झाकण काढलं, टेपच्या वाटेत दोन्ही बाजूंनी अल्कोहोलमध्ये भिजवलेली सुती चिंधी लावली आणि कॅसेट पुढे-मागे पळवली. या मॉडेलमध्ये पळवताना टेप ड्रमला गुंडाळली जात नाही, म्हणून मोडक्या हेडचा त्रास होत नाही. एका कॅसेटीला तीन फेऱ्या, दर फेरीला नवी चिंधी, पाऊण तास. मास्क लावूनच करा. पहिल्या दिवशी मी लावला नव्हता आणि रात्रभर खोकत होतो.

धुतलेल्या कॅसेटी पत्र्याच्या घट्ट डब्यात, सिलिका जेलच्या पुड्यांसोबत ठेवल्या. आजीने विचारलं, ‘ह्यां काय, लाडू?’

२० जानेवारी

६५० रुपयांचं यूएसबी कॅप्चरचं यंत्र (व्हीसीआरचं चित्र संगणकात उतरवणारं) घेतलं होतं. त्याच्यावर सहा कॅसेटी उतरवून झाल्यावर नीट बघितलं, तर सगळ्या वाया. त्याचं सॉफ्टवेअर मुळातच अमेरिकी पद्धतीवर लावलेलं, ६४० बाय ४८० आणि सेकंदाला ३० चित्रं. आपल्याकडचं तेव्हाचं प्रक्षेपण पॅल पद्धतीचं, म्हणजे ७२० बाय ५७६ आणि सेकंदाला २५. शिवाय उतरवतानाच ते चित्र दाबून लहान करत होतं. लोगोच्या कडेला सगळीकडे फणीचे दात. १८ तासांचं काम परत.

दुसरं यंत्र २,८०० ला आणलं. आता चित्रातलं काहीही न गमावता साठवतोय, तासाला सुमारे ३० जीबी. चित्र वळवळत होतं, म्हणून मध्ये एक जुना डीव्हीडी रेकॉर्डर जोडला (१,२००, भंगारवाल्याशी बराच वेळ घासाघीस करून). रेकॉर्ड काही करायचं नाही, नुसतं चित्र त्याच्यातून जाऊ द्यायचं. सरळ उभ्या रेषा प्रथमच सरळ दिसल्या. हे प्रत्येक डीव्हीडी रेकॉर्डरला जमत नाही, माझ्या नशिबाने जमलं.

२४ जानेवारी

तारखांचं काम सुरू. लेबलं गेली तरी प्रत्येक चित्राच्या कोपऱ्यात वाहिनीने स्वतःचं लेबल चिकटवलेलं आहे, तेच वापरायचं.

हाताशी असलेले टप्पे एका वहीत उतरवले. कार्टून नेटवर्क भारतात १ मे १९९५ ला आलं. त्याचा पहिला लोगो म्हणजे एकाआड एक काळे-पांढरे १४ चौकोन, वरच्या ओळीत सात अक्षरं, खालच्या ओळीत सात. सुरुवातीची काही वर्षं ही वाहिनी दिवसाचा काही भागच असे, मग तोच चॅनल टीएनटीचा होई आणि जुने इंग्रजी सिनेमे लागत. हिंदी आवाज १९९९ मध्ये आले. निकलोडियन भारतात १९९९ चं. पोगो १ जानेवारी २००४. हंगामा टीव्ही २६ सप्टेंबर २००४. डिस्ने चॅनल आणि टून डिस्ने दोन्ही एकाच दिवशी, १७ डिसेंबर २००४.

एवढ्यावर बरंच काम होतं. कॅसेट ३ मध्ये चौकोनी लोगो आहे, मांजर-उंदराची मारामारी इंग्रजीत चालू आहे आणि नंतर लगेच टीएनटीचा काळा-पांढरा सिनेमा. म्हणजे काकांच्या केबलच्या पहिल्या दिवसांतली, १९९६ ते १९९८. काकांना दाखवलं. म्हणाले, ‘ह्या सिनेमान लय डोक्याक ताप दिलो. पोरां रडत, आमचां कार्टून खंय गेलां?’

२६ जानेवारी

झेंडावंदन करून आलो आणि दिवसभर बसलो. सात कॅसेटींना वर्षं लागली. त्यातल्या तीन पुढे चुकीच्या निघाल्या, ते खाली येईलच.

१ फेब्रुवारी

चूक सापडली. अमेरिकेत कार्टून नेटवर्कने १४ जून २००४ ला चौकोनी लोगो काढून नवा, ‘सी’ आणि ‘एन’च्या दोन ठोकळ्यांचा आणला. मी तीच तारीख धरली होती : चौकोन दिसले की जून २००४ च्या आधीची. आज कॅसेट १४ ने मला खोटं पाडलं. चौकोन, चौकोन, मग जाहिरात लागली, पडदा क्षणभर काळा आणि पुढे हंगामा टीव्ही. हंगामा सप्टेंबर २००४ चं. म्हणजे आपल्याकडे चौकोन त्यानंतरही चालू होते. अमेरिकेतला लोगो बदलला म्हणून मालवणातला त्याच दिवशी बदलत नाही. ज्या देशाची वाहिनी त्या देशाचीच तारीख धरा. पुढे २०१० चा लोगोही अमेरिकेत २९ मे ला आला आणि इकडे मागाहून.

पण यात एक पाचर आहे. एकाच कॅसेटवर दोन वाहिन्या दिसल्या म्हणजे त्या एकाच दिवशीच्या असं नाही. लोक अर्धी कॅसेट पुसून वर दुसरं भरतात. फरक जोडावर दिसतो. रेकॉर्डर थांबवून परत चालू केला असेल तर जोडाला चित्र हिसका खातं, रंगांचे पट्टे सरकतात. नुसती स्विचपेटी फिरवली असेल (काकांच्या खोलीत रिसीव्हरांची रांग होती आणि पेटी फिरवली की दुसरा रिसीव्हर), तर फक्त काळा क्षण येतो आणि चित्र पुन्हा स्थिर उभं राहतं. १४ वर काळा क्षण आहे, हिसका नाही. म्हणजे तोच दिवस, तीच बैठक. तीन कॅसेटींच्या तारखा खोडून परत लावल्या.

५ फेब्रुवारी

जाहिराती आपोआप शोधायला कॉमस्किप नावाचं सॉफ्टवेअर लावून पाहिलं. लोगो गेला, पडदा काळा झाला, आवाज बंद पडला, अशा खुणांवरून ते जाहिरात ओळखतं. घरच्या व्हीएचएसवर सपशेल आपटलं. चित्र हलतं, त्यात काकांच्या केबलची पट्टी खालून सरकते (‘बिल १० तारखेच्या आत भरणे’), तिलाच ते लोगो समजतं. दोन संध्याकाळी घालवल्या आणि सोडून दिलं. हाताने बघणं कंटाळवाणं, पण लवकर होतं.

८ फेब्रुवारी

लोगो स्वच्छ काढायची रीत. एक चित्र थांबवून बघितलं तर लोगोच्या मागे काहीतरी असतंच. म्हणून बरीच चित्रं एकावर एक ठेवून सरासरी काढायची : मागचं सगळं बदलत असतं, त्याचा करडा गढूळ होतो, लोगो हलत नाही म्हणून उरतो. पहिल्यांदा मी सलग २०० चित्रं घेतली. ती आठ सेकंदांची. त्यात मागचं झाडही तसंच राहिलं आणि लोगोला फांद्या फुटल्या. मग दर पाच सेकंदांना एक, अशी ३०० घेतली. जमलं.

पांढरा ठाशीव लोगो असेल तर सरासरीपेक्षा प्रत्येक ठिपक्याची सर्वांत काळोखी किंमत घ्या. जिथे कायम पांढरं तिथेच पांढरं उरतं, आणि टेपवरचे पांढरे ठिपकेही आपोआप गळतात. इमेजमॅजिक या चित्रांच्या सॉफ्टवेअरमध्ये एका ओळीचं काम आहे.

निकलोडियनवर मात्र ही रीत फसली. त्या वेळचा त्यांचा लोगो म्हणजे नारिंगी रंगाचा उडालेला फटकारा, आणि गंमत अशी की अक्षरं आणि रंग ठरलेले, आकार मात्र हवा तसा. कधी डाग, कधी पाऊल, कधी रॉकेट. १९८४ पासून ते असं चाललं होतं, २००९ मध्ये अमेरिकेत तो काढून नुसती छोटी अक्षरं ठेवली, आणि २०२३ मध्ये फटकारा परत आणला. संगणकाला आकार शोधायला सांगितला तर त्याला एका कॅसेटवर चार वाहिन्या दिसतात. रंग शोधायला सांगा. त्यातही व्हीएचएसवर रंग आकृतीच्या बाहेर उजवीकडे सांडतो, केशरी पाण्याच्या पिचकारीसारखा, म्हणून शोधायचा चौकोन थोडा मोठा धरावा लागतो.

(ज्यांच्याकडे पुढच्या काळातल्या डीव्हीडी असतील त्यांच्यासाठी : एकट्या टून डिस्नेची पाटी तीनदा बदलली. १४ नोव्हेंबर २००९ ला डिस्ने एक्सडी, २० जानेवारी २०१९ ला मार्व्हल एचक्यू, १ मार्च २०२२ ला सुपर हंगामा. वाहिनी तीच, चॅनल नंबरही बऱ्याच घरी तोच, आणि पोरांना वाटतं चार वेगळ्या. तारखा लावणाऱ्याला याहून सोयीचं काही नाही.)

११ फेब्रुवारी

‘पुसू नये’ लिहिलेली कॅसेट आज लावली. पहिली चाळीस मिनिटं कार्टून. म्हणजे पुसलीच होती. त्याच्यापुढे ‘बालगोपाळ’!

खाली डाव्या कोपऱ्यात देवनागरीत ‘बालगोपाळ’ असं पांढऱ्या अक्षरांत. पण डोळ्यांना त्रास होईल इतकी शिरोरेषा लुकलुकते. बघता बघता लक्षात आलं की जुन्या टीव्हीत चित्र दोन हप्त्यांत येतं, आधी एकाआड एक ओळी, मग उरलेल्या. बारीक आडवी रेघ एकाच ओळीत बसली तर ती एका हप्त्यात असते आणि दुसऱ्यात नसते, म्हणून सेकंदाला २५ वेळा मिचमिचते. रोमन अक्षरांना अशी सलग आडवी दांडी नसते. आपल्याला मात्र प्रत्येक शब्दावर ती आहेच.

काकांना विचारलं. त्यांना आठवत होतं. ‘आयशी येवन सांगीत, तुमच्या केबलान पोरांचे डोळे दुखतत. माका वाटलां बिल बुडवूक निमित्त काढतत.’ शेवटी लग्नाचं शूटिंग करणाऱ्या त्यांच्या मित्राने सांगितलं की रेघ जाड कर नाहीतर शब्दच काढ. रेघ जाड केली तर ‘ळ’च्या पोटातलं भोक बुजलं. मग शब्दच काढून टाकला आणि त्याच्या जागी कुर्लीचं, म्हणजे खेकड्याचं, चित्र लावलं.

१२ फेब्रुवारी

कुर्लीची कृती लिहून ठेवतो, कारण हे दुसरीकडे कुठे सापडणार नाही. काळ्या कार्डपेपरवर पांढऱ्या पोस्टर कलरने कुर्ली रंगवली. दुसऱ्या कॅमेऱ्यासमोर ती उभी केली. मित्राचा लग्नाच्या शूटिंगचा मिक्सर आणला, त्यात काळा भाग गाळून पांढरा तेवढा मुख्य चित्रावर बसवायची सोय होती. रोज संध्याकाळी अर्धा तास कार्डपेपर, कॅमेरा आणि एक ट्यूबलाईट. एकदा पंख्याने कागद हलला आणि कुर्ली पडद्यावर चालायला लागली. पोरांना ते इतकं आवडलं, की दुसऱ्या दिवशी त्यांनी फोन करून विचारलं, आज चालणार का.

१५ फेब्रुवारी

माझीच चूक. कॅप्चरमध्ये चित्राच्या तळाशी हेड बदलताना येणारी फाटकी पट्टी दिसते. ती नको म्हणून मी सगळ्या फायली चारी बाजूंनी छाटल्या होत्या. कॅसेट २२ वर कुर्लीचे खालचे पाय गेले. मूळ फाईल ठेवली होती म्हणून वाचलो. छाटाल तर शेवटी छाटा, आणि प्रतीवर छाटा.

काका हसले. त्यांच्याही कुर्लीचे पाय गेले होते. जुने टीव्ही चित्राच्या कडा काचेच्या चौकटीमागे गिळायचे, चारी बाजूंना सुमारे पाच टक्के, आणि प्रत्येक कंपनीचा सेट वेगळा. आमच्याकडे कुर्ली अख्खी, शेजारी लंगडी. पोरं एकमेकांशी भांडायची. शेवटी काकांनी सगळ्यांत जास्त गिळणारा सेट कुणाकडे आहे ते शोधलं (मालवणजवळच्या वायरी गावात होता), त्याच्यासमोर बसून फोनवरून सूचना दिल्या आणि कागद आत सरकवत आणला. मोठ्या वाहिन्यांचे लोगो कोपऱ्यापासून जरा आत का असतात, ते मला वायरीतल्या या टीव्हीवरून कळलं.

कॅसेट २२ चं वर्ष : ताई पडद्यावर सांगते, ‘मी आता चौथीत जाणार.’ म्हणजे मे १९९९. घरचा पुरावा कधीकधी लोगोपेक्षा पक्का.

२५ फेब्रुवारी

आंगणेवाडीच्या जत्रेमुळे चार दिवस काम बंद, घर पाहुण्यांनी भरलेलं. एका पाहुण्याने पत्र्याचा डबा उघडून आत लाडू शोधले.

३ मार्च

डिस्क भरली. २ टीबी, ५,२०० ची, आणि ६५ तासांतच. हिशेब आधी करायला हवा होता : ३३ कॅसेटी, सरासरी तीन तास, तासाला ३० जीबी. आता ‘बालगोपाळ’ तेवढं मूळ रूपात ठेवतोय, वाहिन्यांचं रेकॉर्डिंग दाबून लहान करतोय. तारखेसाठी लागणारे लोगो वेगळे काढून ठेवलेत.

१६ मार्च

शेवटची कॅसेट संपली. ३८ पैकी ५ गेल्या. ३३ उतरल्या, त्यातल्या २९ ना वर्ष लागलं. चारांवर लोगोच नाही. काकांनी जाहिरातीच तेवढ्या रेकॉर्ड केल्यात आणि जाहिरातींत लोगो काढलेला असतो. का केल्या ते त्यांनाही आठवत नाही.

खर्च : व्हीसीआर ४,५०० आणि ३,०००, कॅप्चर ६५० आणि २,८००, डीव्हीडी रेकॉर्डर १,२००, अल्कोहोल ४४०, डिस्क ५,२००, सिलिका आणि चिंध्या १६०. एकूण १७,९५० रुपये. यातले ५,१५० शुद्ध मूर्खपणाचे : पहिला व्हीसीआर आणि पहिलं कॅप्चर यंत्र. (पहिल्याचा धोबी झाला, म्हणून थोडं कमी धरा.)

६ एप्रिल

वाचनालयात दाखवायच्या फितीसाठी कुर्ली नव्याने काढतोय. आता पडदा रुंद आहे, १६ बाय ९. जुनं चित्र मधे, दोन्ही बाजूंना काळे पट्टे. कुर्ली काळ्या पट्ट्यात ठेवली तर चित्र मोकळं राहतं, पण मग ती चित्रावर बसल्यासारखी वाटत नाही, कुंपणाबाहेर उभी राहिल्यासारखी वाटते. आत आणली. थोडी पारदर्शक केली, साठ टक्के. शिरोरेषेचा प्रश्न आता उरलेला नाही, तरी शब्द लिहिला नाही.

९ एप्रिल

काकांना संगणकावर दाखवली. बराच वेळ बघत राहिले. मला वाटलं, गहिवरले.

‘कुर्लेचे दोनय डेंगे (नांग्या) सारके कधी असतत काय रे? एक ल्हान, एक मोठो होया. बाजारात जावन बघून ये, मगे काढ.’

उद्या सकाळी मासळी बाजार.